टेबलावरचे डॉक्टर

टेलरमास्तर पँटची उंची घ्यायला कधी वाकत नसत. एकदा कंबर धरली, तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं, की पुन्हा वाकलो तर कायमचे अंथरुणाला खिळू आणि दुकानाला टाळं लागेल. त्यात वजन वाढतच चाललेलं. म्हणून ते गिऱ्हाइकालाच स्टुलावरून कापायच्या टेबलावर चढवत.

आज टेबलावर खुद्द त्यांचे डॉक्टर उभे होते. मास्तरांना ऊठसूट वाकायला सांगणारे, आणि अंगाने मास्तरांच्या तोडीस तोड. चढताना पाय लागून स्टूल आडवं झालं आणि माप राहिलं बाजूला. स्टूल उचलायला दुकानात दुसरं कोणी नव्हतं; मास्तरांची बायको बटणं आणायला गेली होती.

"उतरा ना, टेबल कमरेएवढंच आहे," मास्तर म्हणाले.

डॉक्टर जागचे हलेनात. पाय खाली टाकला की कमरेत चमक येईल, म्हणाले. मागे आली होती.

"दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं, हे तुम्हीच सांगता ना?"

"ते पेशंटला हो," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला भीती वाटते."

हे ऐकून मास्तरांना फार बरं वाटलं. पण स्टूल काही आपणहून उठणार नव्हतं. त्यांनी ते पायाने ओढून पाहिलं, तर लांब सरकलं. लाकडी पट्टीने ढोसलं, तर शिलाई मशीनला जाऊन टेकलं. रस्त्यावरून कोणाला बोलवावं, तर डॉक्टर नको म्हणाले. रस्त्यावरचे निम्मे लोक त्यांचेच पेशंट होते.

तेवढ्यात टेबल करकरलं. डॉक्टरांनी घाबरून पंख्याचं पातं धरलं. पंखा बंद होता म्हणून बरं.

मास्तर धावले, वाकले, स्टूल उचलून टेबलाशी उभं केलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यांच्या खांद्याचा आधार घेत डॉक्टर कसेबसे जमिनीवर आले. मास्तर मात्र तसेच वाकलेले राहिले.

"डॉक्टर, मी वाकलोय."

"दिसतंय. दुखतंय का?"

"नाही."

"मग व्हा सरळ."

"आता त्याची भीती वाटतेय."

डॉक्टरांनी गळ्यावरचा घाम पुसला, मास्तरांच्या गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"मग घाई नको. खाली आलाच आहात, तर उंची घेऊन टाका."

मास्तरांनी उंची घेतली. मग थोडा विचार करून दुसऱ्या पायाचीही घेतली.