लाल आणतो, काळा नेतो

मार्चमधल्या एका मंगळवारी आण्णा गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावला आणि मागच्या अंगणात खुर्चीवर जाऊन बसले. माझ्या नवऱ्याने, अभिजितने, हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत.

आण्णा म्हणजे माझे सासरे. इतर माणसं खिशाला पेन लावतात तसे ते टेस्टर लावत. वीज आहे की नाही हे पाहायचा तो पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर, मुठीत एवढासा दिवा असलेला. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या जोधपुरीला तो लावलेला दिसतो. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या इथल्या बाईने त्या दिवशी खिशातल्या टेस्टरकडे बघत मला हलक्या आवाजात विचारलं, "हे त्यांच्या धर्माचं काही आहे का?" मी क्षणभर विचार केला आणि "हो" म्हणाले.

इचलकरंजीत आण्णांचं वायरिंगचं दुकान होतं. घरांची वायरिंग करत, पण खरा जीव यंत्रमागांच्या मोटारींत. "निम्मं गाव आपल्या हातनं चालू झालंय," असं ते सांगत आणि कुणी हसलं की "बरं, पाव गाव" म्हणून तडजोड करत. सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षी अभिजितने त्यांना मेलबर्नला आणलं. येताना आणायला मी भडंग आणि काकवी सांगितली होती. विमानतळावर बॅग उघडली तर आत वायरची दोन वेटोळी, एक लाल, एक काळं. वजन जास्त झालं म्हणून भडंग-काकवी मुंबईलाच कुणा हमालाला देऊन आले होते.

"आण्णा, इथे वायर मिळते," अभिजित म्हणाला.

"मिळंल की. पण तिला ओळखतो कोण?"

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: लाल आणतो, काळा नेतो, हिरवा वाचवतो. वायरिंगच्या ह्या तीन रंगांत त्यांनी जगाची वाटणी केली होती. आमच्या ओळखीतले मकरंद, जे प्रत्येक पार्टीला येतात आणि डबे भरून परत जातात, ते 'काळा'. मला ते आधी 'पुस्तकवाली' म्हणत. मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते आणि घरातही पुस्तकांत बसलेली असते, म्हणून. मग एकदा त्यांना ताप आला आणि मी दोन दिवस सुट्टी घेतली. त्यानंतर मी 'हिरवी' झाले. ह्याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती.

कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचा बोर्ड बघायचे. ग्लेन वेव्हर्लीला एका सत्यनारायणाला यजमान तीर्थ घेऊन उभे आणि आण्णा बाहेर मीटरबॉक्समध्ये डोकं घालून. "अर्थिंग चांगलं हाय," ते आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता प्रसाद द्या." इथल्या प्लगची भोकं त्यांना फार आवडायची. वर दोन तिरक्या फटी, खाली एक उभी. घाबरलेल्या माणसाचं तोंड दिसतं. "ह्यो का घाबरलाय एवढा?" असं म्हणून ते चार्जर लावत. बटण खाली दाबलं की चालू होतं हे पाहून मात्र त्यांनी ह्या देशाला पास केलं. "आपल्यासारखंच हाय. एवढी अक्कल हाय ह्यांना."

तरी त्यांचं मन लागत नव्हतं. वेरिबीच्या आमच्या भाड्याच्या घरात ते पाहुण्यासारखे वागत. फ्रिज विचारून उघडत. कायम राहायच्या व्हिसाची कागदपत्रं झाली होती. पॉइंट कुकला नवं घर बांधायला घेतलं होतं, त्यात खाली त्यांची खोली होती. ते म्हणत, "बांधा, बांधा. मी दिवाळी करून जाणार. वर्षाकाठी येत जाईन, पाहुणा म्हणून." अभिजित ऐकून घ्यायचा आणि मग गॅरेजमध्ये जाऊन उगीच काहीतरी आवरत बसायचा. इचलकरंजीच्या घरात आता त्यांना एक ग्लास पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

एकदा बाथरूमचं बटण खराब झालं. आण्णा टेस्टर काढून सरसावले. अभिजित धावत आला.

"आण्णा, हात लावू नका. इथे लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनलाच परवानगी आहे. दंड होतो."

"ह्या भाड्याच्या घरात व्हय?"

"स्वतःच्या घरातसुद्धा."

"सोत्ताच्या घरात सोत्ताचं बटण बदलायचं न्हाई?" आण्णांनी टेस्टर खिशाला परत लावला. "मग घर कुणाचं म्हणायचं ते?"

त्या दिवशी त्यांनी तिकिटाची चौकशी केली.

ऑक्टोबरात नव्या घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला. इथे घर आधी नुसतं सांगाड्याचं असतं. आरपार दिसतं, खाडीवरचा वारा खोल्याखोल्यांतून फिरतो, आणि भिंतीचे प्लास्टरबोर्डचे पत्रे लागायच्या आधी वायरिंग होतं. सोमवारी पत्रे येणार होते. त्याआधी शुक्रवारी आम्ही आण्णांना घेऊन गेलो. निक नावाचा इलेक्ट्रिशियन कामाला सुरुवात करत होता. पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टे बांधलेला. त्याने केबल सोलली. आत एक वायर तपकिरी निघाली, एक निळी.

आण्णा एक पाऊल मागे सरकले. "निळा कशाला? निळा कुठं जाणार?"

"निळी म्हणजे न्यूट्रल आहे, आण्णा. तुमची काळी ती. आता नवीन रंग आलेत."

"न्यूट्रल? निळा?" त्यांचा आवाज चढला. "अरं, मागाच्या मोटारीला लाल, पिवळा, निळा. तिन्ही मारणारे! जन्मभर निळ्यापासनं हात राखला आणि आता म्हणता, ह्यो गरीब हाय? उद्या ह्या भिंतीत काय हाय, मला काय कळणार?"

"तुम्हाला कशाला कळायला हवं? निक आहे ना."

आण्णा वळले. दाराच्या जागी दार नव्हतं, तरी दारातून वाकून बाहेर गेले आणि विटांच्या ढिगावर बसले. मला तेव्हा समजलं की हा माणूस आता राहत नाही. तिकीट दिवाळीनंतरचं नाही, पुढच्या आठवड्यातलं निघणार होतं.

निकने मला विचारलं, "व्हॉट्स अप विथ द ओल्ड फेला?" मी सांगितलं. लाल, काळा, मागाच्या मोटारी, निळा मारतो, सगळं. मला वाटलं हसेल. त्याने पक्कड खाली ठेवली.

"माझे वडील डिट्टो," तो म्हणाला. "ग्रीसहून आले, इथेच इलेक्ट्रिशियन झाले. जुन्या कामांत इथेही निळी फेजला असायची. मी निळी न्यूट्रलला लावायला लागलो तेव्हा म्हाताऱ्याने महिनाभर माझ्याशी अबोला धरला."

"मग लाल-काळी लावता येईल का?"

"नियमात बसते, मेट. अजून मिळते. घरभर एकच रंग ठेवला की झालं. उद्या घेऊन येतो. नो वरीज."

हे मी बाहेर जाऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी नखाने वीट खरवडली. मग आत आले आणि निकसमोर उभे राहून नमस्कार केला. "ह्याला सांग, उद्या खंडेनवमी हाय. हत्यारं सोबत आण म्हणावं. सगळी."

दुसऱ्या दिवशी सांगाड्याच्या हॉलमध्ये प्लायच्या तुकड्यावर हत्यारांची पूजा झाली. लाल-काळ्या केबलचे गुंडाळे, निकची ड्रिल, पकडी, कटर आणि मध्यभागी आण्णांचा टेस्टर. हळद-कुंकू वाहिलं. आमची इरा, तेव्हा नऊ वर्षांची, "आजोबा, यू कान्ट वर्शिप अ ड्रिल!" म्हणाली. "मग काय टीव्हीची करू?" आण्णा म्हणाले. निकने ड्रिलच्या पेटीवर लागलेलं कुंकू तसंच राहिलं तर चालेल का, हे मला दोनदा विचारून घेतलं, कारण पुसायचं की नाही ते त्याला कळेना. मी म्हटलं, पुसू नका.

आण्णा त्याला 'निकराव' म्हणू लागले. इचलकरंजीची वेटोळी त्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवून पाहिली, इथल्या मान्यतेचा शिक्का शोधला, नव्हता, आणि अगदी हळुवारपणे परत केली. आण्णांना राग आला. पण लगेच म्हणाले, "बरोबर हाय. मीबी कुणाची आणलेली वायर लावत न्हाई." पुढे त्या लाल वायरने त्यांनी टोमॅटो बांधले आणि काळ्याने वांगी.

दिवसभर ते निकच्या मागे उभे होते. हात मागे बांधलेले, नजर पुढे. कुठे हात लावला नाही. कुठल्या भिंतीतून कुठली वायर कुठे गेली हे मात्र पाठ केलं. सगळं झाल्यावर त्यांनी त्यांच्या खोलीसाठी एक मागणी केली. पलंगाच्या एका बाजूला दिव्याचं बटण होतंच. त्यांना दुसऱ्या बाजूलाही हवं होतं, त्याच दिव्याचं.

"त्यांच्या मिसेस येणार आहेत?" निकने अभिजितला विचारलं.

अभिजितने मान हलवून नाही म्हटलं.

आण्णांना कुणीतरी काहीतरी विचारलंय एवढं कळलं. "पलंगाला दोन बाजू हायत, तर दोन बटणं पायजेत," ते म्हणाले. "एका बाजूला बटण म्हंजे अर्धवट काम."

त्यांच्या शेकडो हट्टांतला एक, म्हणून आम्ही सोडून दिलं. सोमवारी पत्रे लागले. दिवाळी झाली. तिकिटाबद्दल कुणी काही बोललं नाही, आण्णाही नाहीत. नव्या घरात ते फ्रिज न विचारता उघडू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर हात ठेवून दाखवत, "हितनं लाल गेलाय. हितनं वळून किचनला." माझी पुस्तकांची कपाटं त्यांनी प्लगपासून वीतभर लांब सरकवून घेतली. "एवढा कागुद," ते म्हणाले, "आणि तू सगळी त्यातच."

तीन वर्षं ते ह्या घरात होते. दुपारी जेवून, पडदे ओढून, ते आडवे होत. खोलीतून मोठ्याने एकच शब्द यायचा, "दिवा." मग जरा वेळ काही नाही. मग टक आवाज, आणि दाराखालचा उजेड जायचा. रविवारी मी घरी असले की दर वेळी हाच क्रम. हॉलमधल्या दिव्याला इराने सांगितलं की तो बंद होतो, तसलं यंत्र आम्ही बसवलं होतं. आजोबा ते पाहून शिकले, असं इराने ठरवलं.

"आजोबा, तुमची रूम स्मार्ट नाहीये!" ती दारातून ओरडायची. "अँड इट्स लॅगिंग!"

"असू दे," आतून आवाज यायचा. "मला घाई न्हाई."

आम्ही सगळे हसायचो. अभिजितही.

आण्णा गेल्यानंतर पंधरवड्याने मी त्यांच्या पलंगाची चादर काढली. दाराकडची त्यांची बाजू. तिथे उशीत खळगा होता, चष्मा होता, झेंडू बामची बाटली होती. त्या बाजूच्या बटणावर कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. पलीकडे, खिडकीकडच्या बाजूची उशी कोरी होती. पण तिथल्या बटणाभोवतीचा रंग बोटांनी काळवंडला होता.

मी अभिजितला हाक मारली. त्याने दोन्ही बटणं पाहिली आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"आई त्या बाजूला झोपायची," तो म्हणाला. "इचलकरंजीला आण्णांनीच तिच्यासाठी तिकडे बटण बसवलं होतं. लग्न करून आली तेव्हा. तिला अंधाराची भीती वाटायची, म्हणून दिवा शेवटी तिने बंद करायचा. आण्णा नुसतं 'दिवा' म्हणायचे."

"आणि ती बंद करायची."

"लगेच नाही. आधी काहीतरी बोलायची. दिवसभराचं."

निक त्या आठवड्यात भेटायला आला. त्याच्या ड्रिलच्या पेटीवर कुंकवाचा डाग फिका झालाय, पण आहे. बटणाभोवती रंग मारून देऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

टेस्टर आता माझ्या टेबलावर पेनांच्या भांड्यात असतो. मागे टोमॅटो लाल वायरने बांधलेले आहेत. भिंतींच्या आत लाल आणि काळी आहे. इरा दुपारी कधी त्या खोलीत पुस्तक घेऊन पडते. पलंगाला दोन बटणं आहेत, आणि दिवा दोन्हींनी लागतो.