इनास अंकलची डेब्युटांट

मस्कतजवळच्या रुसैलच्या फॅक्टरीतला बेचाळीस वर्षांचा, झुपकेदार मिशांचा फिटर मारुती. त्याला इनास अंकलनी हात धरून मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आणलं आणि माइकवर जाहीर केलं, "लेडीज अँड जंटलमेन, आपली नवी डेब्युटांट!"

मारुतीने नमस्कार केला. त्याला वाटलं, हुद्दा असावा.

अंकल वसईचे. मस्कतच्या एका हॉटेलात पार्ट्यांची व्यवस्था बघायचे. तिथेच कुठल्याशा मडमेकडून त्यांनी हा शब्द उचलला होता. नव्वदच्या दशकात आमच्या मंडळात जो नवा येई, तो डेब्युटांट.

मी एकदा शहाणपणा केला. "अंकल, मोठ्या घरची मुलगी वयात आली की पहिल्यांदा समाजात आणतात, तिला म्हणतात तसं."

"ते नंतरचं. मूळ फ्रेंच शब्द खेळातला. पहिली चाल खेळला की झाला डेब्युटांट. नव्या माणसाला इथे पहिली चाल कोण देतो? मी देतो. खलास!"

नाव, गाव आणि एक आवड, अशी ते ओळख करून देत. आवड आधीच विचारून ठेवत. माझ्या मेघनाची आवड त्यांनी 'आरशासमोर नाचणे' अशी सांगितली. पोरगी आठवडाभर तोंड फुगवून होती, पण त्याच संध्याकाळी तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. त्या हॉलमधून एकटं कुणी परतलं नाही, हे मात्र खरं.

अंकलच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. बायको आणि मुलगी वसईला, दोन वर्षांतून एक महिना भेट. दोन हजार दोनच्या सुमारास मुलगी, सबिना, कॉलेज संपवून व्हिजिट व्हिसावर यायची ठरली. तीन महिने अंकल मला ऐकवत होते, "इन्शाल्ला, आता तुमच्या अर्थाची डेब्युटांट आणतो."

ती आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मंडळात त्यांनी तिचा हात धरून तिला माइकपाशी आणलं. "ही माझी सबिना. वसईची. हिला आवडतं..."

आणि थांबले. सगळ्यांना आधी विचारणारा माणूस, स्वतःच्या मुलीला काय विचारायचं, म्हणून विचारायचाच राहिला होता.

माइक चालूच होता. त्यांनी हळूच विचारलं, "बाय, तुला काय आवडतं गो?"

"खजूर सोडून काहीही, पप्पा," सबिना म्हणाली. "मम्मी म्हणायची, पप्पांना सांगू नको, प्रेमाने पाठवतात."

मिळेल त्या माणसाबरोबर हा गृहस्थ वसईला खजुराचे डबे धाडत असे. दोन मीच नेले होते.

हॉल हसला. अंकलनी माइक घट्ट धरला.

"हिला खजूर आवडत नाही," त्यांनी खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं आणि तिथेच, सर्वांसमोर, डोळे पुसले.