चाळीस नंबर जागेवरच आहे

धाराशिव जिल्ह्याच्या विकासात गोंगाट हा मोठा अडथळा आहे, ही गोष्ट सर्वांत आधी आमच्या संचालक साहेबांच्या लक्षात आली. मी त्यांच्या माहिती केंद्राचा कार्यालय अधीक्षक. माझ्या लक्षात ती त्यांच्यानंतर लगेच आली.

केंद्र हायवेला लागून आहे. आत एक गार हॉल, हॉलमध्ये लोखंडी रॅक, रॅकमध्ये सर्व्हर. दाखल्यांपासून वाड्यावस्त्यांच्या नळयोजनांपर्यंत बरंच काही त्यांच्यावर चालतं. एका सर्व्हरला दुसऱ्याशी बोलायचं झालं की तो आधी सगळ्या हॉलला विचारायचा, “चाळीस नंबर कुणाचा? कुठं आहे?” हा प्रश्न हॉलमधल्या प्रत्येक यंत्राला ऐकावा लागे. ज्याचा नंबर त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा यंत्रांचा नियम आहे. आपल्याकडं ज्याचा पत्ता विचारला तो सोडून सगळे उत्तर देतात.

हा आरडाओरडा बंद करायला पुण्याहून शंतनू नावाचे सल्लागार आले. प्रत्येक रॅकला एक स्विच असतो, निरोप कुठं जायचा ते तो ठरवतो. शंतनूंनी या स्विचांना शिकवलं की कुणी पत्ता विचारला तर प्रश्न पुढं पाठवायचा नाही. कोण कुठं बसतं ते एकदा ध्यानात ठेवायचं आणि त्याच्या वतीनं आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. हॉल शांत झाला. साहेब काचेबाहेर उभे राहून ती शांतता बराच वेळ बघत होते.

“अधीक्षक,” ते म्हणाले, “हे आपल्या माणसांना का जमू नये?”

“मी तेच म्हणणार होतो साहेब,” मी म्हणालो.

‘अनावश्यक पृच्छा शमन धोरण’ या नावानं परिपत्रक निघालं. केंद्रात कुणी कुणाला हाक मारणार नाही. अभ्यागताला हवा तो माणूस कुठं आहे, हे दारावरचा पत्ता-सहायक स्मरणातून सांगेल. संबंधिताला विचारून त्याचा वेळ घेणार नाही. या पदावर तात्या आले. तात्या तेर गावचे, कारकुनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरची रीतच अशी की दारी आलेल्याला पाणी आणि पत्ता, या दोन गोष्टींना नाही म्हणायचं नाही. ‘माहीत नाही’ हे शब्द तात्यांच्या तोंडून उभ्या जन्मात निघाले नव्हते. याहून लायक माणूस सापडणं कठीण होतं.

पुढं दुसऱ्या रॅकचा पंखा बिघडला, म्हणून आमच्या इंजिनिअर मोनिका मॅडमनी चाळीस नंबरचा सर्व्हर तिथून काढून सातव्या रॅकमध्ये बसवला. दुसऱ्या रॅकमधली मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून मी तिथं तुळजाभवानीची तसबीर ठेवली. इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

आता, जागा बदललेलं यंत्र नव्या ठिकाणाहून एकदा सगळ्यांना ओरडून सांगतं, की मी इथं आलोय. मग स्विच आपली समजूत दुरुस्त करून घेतात. साहेबांनी तेही बंद करायला लावलं होतं. कुणी विचारलेलं नसताना बोलणं म्हणजे शिस्तभंगच झाला.

“साहेब, ते ओरडणं नाही,” मोनिका मॅडम म्हणाल्या. “बदली झालेला माणूस नव्या जागी रुजू झाल्याचं कळवतो ना, तसं आहे ते.”

“मग रुजू अहवाल योग्य मार्गानं येऊ द्या. जुन्या रॅकच्या स्विचमार्फत.”

जुन्या रॅकच्या स्विचचं म्हणणं पडलं, की चाळीस नंबर माझ्याकडंच आहे. जो इथं आहे तो तिकडं रुजू झाला असं मी कसं कळवू? मुद्दा बिनतोड होता. मी प्रकरण निकाली काढलं. मॅडम वाद घालत राहिल्या, तेव्हा शांततेच्या हितासाठी त्यांचं टेबल खोली नंबर दोनमधून गच्चीशेजारच्या खोलीत हलवण्यात आलं. नव्या खोलीवर नावाची पाटी तरी लावू द्या, असं त्या म्हणाल्या. पाटी म्हणजे लेखी ओरडणं, असं साहेबांनी स्पष्ट केलं.

चाळीस नंबरकडं परंडा तालुक्यातल्या एका वाडीचं पाणी होतं. टाकीवरची पाणी मोजणारी पेटी कळवायची, टाकी रिकामी झाली. चाळीस नंबर मोटार चालू करायचा. आता पेटीचा निरोप आला की स्विच तत्परतेनं सांगायचा, चाळीस नंबर दुसऱ्या रॅकवर, आणि निरोप देवीच्या तसबिरीपुढं जाऊन पडायचा. आमच्या अहवालात तो ‘पोचला’ असाच दिसायचा. त्यात खोटं काय होतं? कुणापुढं तरी पोचतच होता की.

मग वाडीवरून बब्रुवान आला. मेंढरं राखणारा माणूस, खांद्यावर घोंगडी.

“टाकीत ठणठणाट हाय,” तो तात्यांना म्हणाला. “मान्सं कुठनं बी घागर आणत्यात, पर मेंढरांचं काय करावं? कोकरं हुबी राहिना झालीत. मोटारीचं कोण बघतंय इथं?”

तात्यांनी आधी तांब्या पुढं केला. “मोनिका मॅडम. खोली नंबर दोन.”

“हायत का पर?”

“जागेवरच आहेत.”

बब्रुवान गेला आणि परत आला. “तात्या, तिथं नुसती खोली हाय. बाई न्हायत.”

“खोली आहे ना? मग येतील. बसा पाव्हणं.”

तो बसला. उठून पुन्हा जाऊन आला. “येकदा कुणाला तरी इचारा की.”

“विचारायला बंदी आहे,” तात्या समजुतीनं म्हणाले. “आणि विचारायचं कशाला? मला माहीत आहे ना.”

मी तिथून चाललो होतो, तर त्यानं मलाच गाठलं. मी लगेच अहवाल बघून सांगितलं, “तुमच्या टाकीचा निरोप आम्हाला रोज पोचतोय.”

“मंग पानी?”

“पाणी हा वेगळा विषय आहे.”

मॅडम वर आहेत हे मला अर्थातच ठाऊक होतं; टेबल मीच हलवून घेतलं होतं. पण पत्ता सांगायचा अधिकार तात्यांचा. दुसऱ्याच्या अधिकारात मी ढवळाढवळ करत नाही, हा माझा स्वभाव आहे.

तेवढ्यात बब्रुवानचा फोन वाजला. पलीकडं त्याची बायको बानूबाई होती आणि तिचा आवाज फोनबाहेरही नीट ऐकू येत होता. “गाठ पडली का बाईंची?”

“बसलोय.”

“बसाया गेलाव व्हय तिकडं? पांढऱ्या कोकरानं मान टाकलीया. उठा की.”

बब्रुवान उठला. जिन्याच्या तोंडाशी गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि डोंगरापल्याडच्या माणसाला घालतात तशी हाक घातली. “मोनिकाबाई कुठं हायत ओ…”

सगळ्या इमारतीनं ऐकलं. ज्यांचं नाव मोनिका नव्हतं ते सगळे गप्प बसले. गच्चीच्या बाजूनं एकच उत्तर आलं, “मी इथं आहे. वर या.”

मॅडमनी त्याचं ऐकून घेतलं आणि परवानगी वगैरे न घेता त्या खाली हॉलमध्ये गेल्या. त्यांनी चाळीस नंबरला एकदाच ओरडू दिलं, की मी सातव्या रॅकवर आहे. काचेआड दिवे लुकलुकले. थोड्या वेळानं बानूबाईचा पुन्हा फोन आला. “मोटार चालू झाली. मेंढरं हौदाला लागलीत. पांढरं बी पितंय.” बब्रुवान खालीच बसला आणि घोंगडीनं तोंड पुसू लागला. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर बरं वाटलं. मी ते आवरलं.

चौकशी झालीच. पाणी आलं हे मान्य, परंतु ते नियमबाह्य मार्गानं आलं, असा निष्कर्ष निघाला. मोनिका मॅडमना उमरग्याच्या उपकेंद्रात हलवलं. बब्रुवानला खुलासा मागणारी नोटीस काढली. पत्ता तात्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितला: परंड्याला, किल्ल्याच्या मागं. तिथल्या कुण्या गृहस्थानं ती घेतली आणि सही केली. अशा रीतीनं विषय समाधानकारकपणे मिटला. मोनिका मॅडमना भेटायला आजही कुणी आलं तर तात्या त्याला पाणी देतात आणि सांगतात, “खोली नंबर दोन. जागेवरच आहेत.”

तात्यांना हसलात? खुशाल हसा. परवा तुमच्या दाराशी एक माणूस शेजाऱ्यांचं घर विचारत आला होता. मोबाइलमधून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, “वरचा मजला, डावीकडं.” ते शेजारी घर सोडून गेल्याला दिवाळी उलटली. तो माणूस तीन जिने चढला, कुलूप बघून उतरला आणि निघून गेला. त्याचं काय अडलं होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत.

आम्हाला केंद्राच्या प्रत्येक मजल्यावर पत्ता-सहायक भरायचे आहेत. अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुम्ही कुठं राहता, ते आम्हाला माहीत आहे.