मध्यम किमतीचा बहिरेपणा

भालचंद्ररावांना हेडफोन घ्यायचा होता आणि तो मध्यम किमतीचाच घ्यायचा होता. स्वस्त वस्तू आणली की बायको हसते, महाग आणली की रडते आणि मधली आणली की गप्प बसते, असा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता. यातला शेवटचा भाग आजवर एकदाही खरा ठरला नव्हता, पण तेवढ्यासाठी कोणी सिद्धांत टाकून देत नाही.

हेडफोनची गरज पडली ती मानसिंगरावांमुळे. माधवगंजात भालचंद्रराव माडीवर राहत आणि खाली मानसिंगराव. मानसिंगराव घरमालकही होते आणि दफ्तरातले सुपरिंटेंडेंटही. म्हणजे भाड्याची पावती आणि रजेचा अर्ज एकाच मिशीखालून जायचा. आजोबांनी घोडदळ हाकले, नातवाने कारकून हाकायला घेतले, पण आवाज मात्र घोडदळाचाच राहिला होता. एवढ्या आवाजाच्या माणसाला दुसऱ्याचा आवाज खपत नाही, हे ओघानेच आले.

"भालचंद्रराव," एकदा जिन्यातच त्यांनी गाठले, "तुमचा रेडिओ आमच्या छातीवर वाजतो. एक तर रेडिओ राहील, नाही तर किरायेदार."

आता भालचंद्ररावांचा जीव रेडिओवरच्या तीन गोष्टींवर जडलेला. एक नाट्यसंगीत, दुसरे क्रिकेट, आणि तिसरे, सगळ्यांत वरचे, मुंबई केंद्रावरून कधीमधी लागणारे कीर्तन. त्यातून त्या साली ऑस्ट्रेलियाचा संघ हिंदुस्थानात यायचा होता. तेव्हा रेडिओ बंद करणे शक्य नव्हते आणि घर सोडणे परवडणारे नव्हते. मधला मार्ग म्हणजे हेडफोन.

त्या दिवसांत दफ्तरात दुसऱ्या कशाची नाही, तर भोपाळचीच चर्चा चाले. आधी संस्थान गेले, मग मध्यभारत आला; आता मध्यभारतही गुंडाळून नवा मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. कोण जाणार, कोण राहणार, या काळजीने टेबलाटेबलावर चहा गार होत होता. भालचंद्रराव मात्र ज्याला त्याला विचारत फिरत, "का हो, कानावर घट्ट बसणारा बरा, की सैल?" भोपाळला जाण्याची भीती त्यांनाही होती. पण त्यांची भीती घरभाड्याची नव्हती, पोरांच्या शाळेचीही नव्हती. दर आश्विनात माधवगंजच्या विठ्ठलमंदिरात लक्ष्मीकांतबुवांचे कीर्तन होई, आणि पुढून दुसऱ्या खांबाशी टेकून ते ऐकल्याशिवाय भालचंद्ररावांचे वर्ष सुरूही होत नसे आणि संपतही नसे. भोपाळला पगार मिळेल, बंगलाही मिळेल कदाचित, पण तो खांब कुठून मिळणार?

शेवटी एका संध्याकाळी ते इंदरगंजातल्या रेडिओच्या दुकानात शिरले. दुकानदाराने तीन नग पुढे ठेवले.

"ये मिलिट्री का माल है, बाबूजी. टँकवाले पहनते थे. कान टूट जाएगा, ये नहीं टूटेगा."

"और ये?"

"विलायती. गानेवाली की साँस तक सुनाई देगी."

"साँस नको हो," भालचंद्रराव घाईने म्हणाले, "नुसतं गाना पुरे."

"तो फिर ये बीचवाला ले जाइए."

'बीचवाला' हा शब्द ऐकताच त्यांचा जीव भांड्यात पडला. गाण्यासाठी त्यांनी तो ताबडतोब पारखला. खेळासाठी पारखायचा तर तेव्हा कुठे सामना चालू नव्हता. मग त्यांनी दुकानदाराला काटा मुद्दाम दोन केंद्रांच्या मधोमध ठेवायला लावला आणि बराच वेळ डोळे मिटून शिट्ट्या आणि खरखर ऐकली. "उत्तम," ते म्हणाले, "क्रिकेट असंच येतं."

घरी वनमालाबाईंनी ते काळे गोल कानांवर पाहिले.

"हे काय, बैलाच्या डोळ्यांची झापडं कानाला लावलीत?"

"काय बाईने तान घेतलीय!" भालचंद्रराव ओरडले.

"मी म्हणतेय, भाजीला काय आणलंत?"

"वा! पुन्हा तीच जागा!"

"तसंही लग्न झाल्यापासून माझं कधी ऐकू आलंच नाही तुम्हाला," वनमालाबाई म्हणाल्या. "आता झाकण तेवढं बसलं."

पुढच्या रविवारी वनमालाबाई बाजारात गेल्या होत्या. दफ्तराच्या काही कामासाठी मानसिंगराव माडीवर आले. दार उघडेच होते. भालचंद्रराव पाठमोरे बसले होते आणि तार सतरंजीखालून रेडिओकडे गेली होती.

"भालचंद्रराव!"

त्यांनी दाराची कडी वाजवली.

"अहो, भालचंद्रराव!"

मानसिंगरावांनी मग घोडदळाचा आवाज लावला. समोरच्या छपरावरची कबुतरे उडाली, गल्लीतला टांग्याचा घोडा बुजला, पण भालचंद्ररावांची मान काही वळली नाही; ती आपली डावी-उजवी हलत राहिली. कानांवर काळी यंत्रे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वेदना. (ती वेदना एका भैरवीची होती, पण ते मानसिंगरावांना कसे कळावे?) मानसिंगरावांच्या आईसाहेब ठार बहिऱ्या होत्या, त्यामुळे हे दुःख त्यांनी घरातच पाहिले होते. "अरेरे," ते पुटपुटले, "इतक्या कमी वयात." आणि तो दांडगा माणूस चवड्यांवर जिना उतरून गेला.

सोमवारी त्यांनी भालचंद्ररावांना खोलीत बोलावले. कानाजवळ तोंड आणून ते असे ओरडले, की शिपाई घंटी वाजली समजून आत आला.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून, साहेब? तो तर मी आत्ताच..."

"लपवू नका! यंत्र लावलेलं मी पाहिलं! ते असूनसुद्धा सुनाई देत नाही तुम्हाला! अरे भाई, आधी नाही सांगायचं? मी भोपाळच्या यादीत तुमचं नाव टाकून बसलो होतो! तिथे मंत्र्यांचे फोन, इकडून तिकडून हुकूम! बहिरा माणूस तिथे काय कामाचा?"

खुलासा करण्यासाठी भालचंद्ररावांनी उघडलेले तोंड तसेच क्षणभर उघडे राहिले. डोळ्यांपुढे विठ्ठलमंदिरातला खांब आला. मग ते तोंड हळूच मिटले आणि उजवा तळहात आपोआप कानामागे गेला.

"जरा मोठ्यांदा बोला, साहेब," ते म्हणाले.

एक खोटे बोलायला सोपे असते. त्याचा गणवेश सांभाळणे अवघड. दुसऱ्याच दिवशी मानसिंगरावांनी विचारले, "यंत्र का नाही लावलं?" तेव्हापासून भालचंद्रराव हेडफोन घालून दफ्तराला जाऊ लागले, तारेचे टोक कोटाच्या आतल्या खिशात खोचून. एरवी चांगले ऐकू येणारा माणूस त्या गाद्यांमुळे खरोखरच निम्मा बहिरा झाला. रस्त्यात टांगेवाले शिव्या देत, ते हसून मान डोलवत. उरलेल्या निम्म्या कानाने मात्र त्यांना नको ते सगळे ऐकू येऊ लागले. शेजारच्या टेबलावरचे विश्वासराव त्यांच्या तोंडावर हसून म्हणत, "काय, बरं आहे ना?" आणि मान वळवून दुसऱ्याला सांगत, "बिलकुल बैल. पहिल्यापासून काम नव्हतंच करत, आता कारण मिळालं." तेही भालचंद्ररावांना हसून गोड मानून घ्यावे लागे.

घरी निराळाच थाट. वनमालाबाईंना शेजारणी सहानुभूती दाखवायला येत आणि त्या पदराने डोळे पुसत म्हणत, "मला तर फरकच जाणवला नाही हो."

यंत्राची कीर्ती व्हायची तशी झालीच. आईसाहेबांनी गच्चीवरून ते पाहिले आणि हट्ट धरला: मलाही पाहिजे. दुसरे आणतो म्हणून मानसिंगराव इंदरगंजात गेले, आणि हात हलवत परत आले.

"माल संपलाय," ते म्हणाले. भालचंद्ररावांकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिले. "उद्या कोजागिरीचं कीर्तन आहे. आईसाहेबांनी कित्येक वर्षांत कीर्तनाचा शब्द ऐकला नाही. एक दिवस तुमचं यंत्र द्याल?"

साहेबाला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी मंदिरात बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, आईसाहेब बसल्या. नऊवारी शालू, नाकात नथ, कानांवर हेडफोन आणि तारेचे टोक कनवटीला. भालचंद्रराव आपल्या खांबाशी आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, मानसिंगराव.

लक्ष्मीकांतबुवा उभे राहिले. आता थकले होते. पण चिपळ्या वाजल्या, बुवांनी उपरणे सावरले आणि पहिलीच तान अशी लावली, की भालचंद्ररावांच्या अंगावर काटा आला. तो त्यांनी बाहीत लपवला. बुवांनी कोटी केली, सभा खदखदून हसली. भालचंद्ररावांनी हसू दाताखाली चावले. सगळ्यांनी टाळ्यांवर ठेका धरला. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले. गोड कीर्तनात दगडासारखे बसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. उपास करणाऱ्याच्या पुढ्यात कोणी पुरणपोळीवर तूप वाढते, पण निदान त्याला वास घेतल्याचे लपवावे तरी लागत नाही.

"कसं काय?" मानसिंगराव त्यांच्या कानात ओरडले.

"अं?" भालचंद्रराव म्हणाले.

तिकडे आईसाहेबांचा चेहरा नुसता उजळला होता. "स्वच्छ!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "शब्द न् शब्द स्वच्छ!" बुवा तेव्हा पाणी पीत होते.

उत्तररंगात विदुराघरची कथा लागली. देव दारी आला म्हणून भांबावलेली विदुराची बायको केळी सोलते, गर टाकते आणि साल देवाला भरवते. देव आनंदाने खातो. विदुर येतो, कपाळाला हात लावतो आणि आता स्वतःच्या हाताने गर पुढे करतो. बुवा हे इतके रंगून सांगत, की ऐकणाऱ्याच्या जिभेवर साल गोड लागे.

"देवाने गराचा एक घास घेतला," बुवा म्हणाले. "विदुराकडे पाहिलं, आणि म्हणाला, विदुरा, केळं गोड आहे रे, पण..."

बुवा थांबले.

आधी सभेला वाटले, रंगत वाढवताहेत. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. मग तोही खाली मान घालून बुवांकडे चोरून बघू लागला. बुवांनी पुन्हा म्हटले, "केळं गोड आहे रे, पण..." आणि डोळ्यांत एकदम पोकळी आली. मागे कोणीतरी फिसकन हसले. विश्वासरावच असावेत.

ते वाक्य पुऱ्या मंदिरात एकाच माणसाला पाठ होते. त्याच्या गुडघ्याला साहेबांचा गुडघा लागलेला होता. तोंड उघडले की भोपाळ. मिटून ठेवले की दरवर्षीचे हे कीर्तन, हा खांब, हे गाव. पण त्या गावात, त्या खांबाला टेकून, पुन्हा कोणत्या तोंडाने बुवांचे ऐकायचे?

"पण मघाची साल उरलीय का बघ!" भालचंद्रराव मोठ्याने म्हणाले.

बुवांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. "मघाची साल उरलीय का बघ!" त्यांनी उचलले, चिपळ्या खणाणल्या, पेटी धावली, आणि कथा जणू कधी अडखळलीच नव्हती. पण सभा आता भालचंद्ररावांकडे बघत होती.

"अहो, हे तर बहिरे ना?" कोणीतरी म्हणाले.

"यंत्रसुद्धा नाही कानाला!"

"चमत्कार!"

मग काय विचारता! कीर्तन संपताच बुवांनी भालचंद्ररावांना बुक्का लावून मिठी मारली आणि कानात हळूच म्हणाले, "वाचवलंस, बाबा." लोक तेवढ्यात त्यांच्या पाया पडत होते. तार कशालाच जोडलेली नसताना बहिरीला ऐकू आले आणि यंत्राशिवाय बहिऱ्याला ऐकू आले. दोन चमत्कार एका कोजागिरीला म्हणजे माधवगंजाची चंगळच. ज्यांनी आठवडाभर त्यांना बैल म्हटले होते, ते विश्वासराव सर्वांत पुढे वाकले होते.

गर्दी ओसरल्यावर मानसिंगरावांनी त्यांना दिंडीदरवाजाशी गाठले. आवाज, जन्मात प्रथमच, खाली होता.

"इंदरगंजच्या दुकानदाराने मला कालच सांगितलं. हुजूर, वो तो रेडिओ का है."

भालचंद्ररावांचा हात कानामागे जाता जाता राहिला. "साहेब, मग आईसाहेबांना तुम्ही..."

"सांगायला गेलो ना, यंत्र खोटं आहे म्हणून. त्यांना ऐकू नाही गेलं."

"मग माझं भोपाळ..."

"तेच तर दुःख आहे. कालच तुमचं नाव पुन्हा यादीत घातलं होतं, तरक्कीसकट! गोपनीय शाखा. ऐकू सगळं येतं आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही, असा माणूस राजधानीत सोन्याच्या भावाने जातो. टाळ्या नाही वाजवल्यात, हसला नाहीत, वा! मी मनात म्हटलं, हा मंत्र्याच्या केबिनपर्यंत जाणार." मानसिंगरावांनी खेदाने मान हलवली. "आणि एका म्हाताऱ्या बुवाची फजिती नाही बघवली तुम्हाला. अहो, तिथे रोज कोणाची ना कोणाची होईल! नाही जमायचं. नाव खोडतो. विश्वासरावांना पाठवतो. ते हसतातही योग्य वेळी आणि वाकतातही."

तरक्की गेल्याचे वनमालाबाईंना कळले तेव्हा त्या ना हसल्या ना रडल्या. चक्क गप्प बसल्या. सिद्धांत अखेर खरा ठरला, पण तोवर हेडफोनच हातचा गेला होता. आईसाहेब तो आता झोपतानाच काय तो काढत, आणि परत मागण्याची कोणाची छाती नव्हती. नाइलाजाने भालचंद्ररावांनी रेडिओ पुन्हा पहिल्यासारखा लावला. अगदी हळू, भीत भीत, ऑस्ट्रेलियाच्या सामन्याची खरखर कानाशी ओढून.

खालच्या अंगणातून आईसाहेबांची हाक आली. कानांवर हेडफोन, तार कनवटीला.

"भालचंद्रा! रेडिओ लावलास ना रे? मग मोठा कर की! यंत्रात काहीच येत नाहीये!"

भालचंद्ररावांनी खिडकीतून खाली पाहिले. ओट्यावर मानसिंगराव बसले होते. त्यांनी आईसाहेबांकडे पाहिले, माडीकडे पाहिले, आणि दोन्ही कानांत बोटे घालून हताशपणे मान डोलावली.

भालचंद्ररावांनी बटण शेवटपर्यंत फिरवले.

"हां," आईसाहेब समाधानाने म्हणाल्या, "आता कसं स्वच्छ."