दोन चाव्यांचा पंप

रविवारी सकाळी दुसरा चहा पिताना मी ठरवलं, की पंप आपणच बदलायचा. (पहिल्या चहाला मी असलं काही ठरवत नाही. तो नुसता शुद्धीवर येण्यासाठी असतो.)

हा पंप विहिरीवरचा नव्हे. माझगावच्या आमच्या घरात पूर्वी गोदीतला एक स्कॉटिश इंजिनियर राहायचा. मुंबईत त्याला थंडी कुठं वाजायची हे त्याचं त्याला ठाऊक. पण पठ्ठ्यानं मागच्या पडवीत कोळशाचा बॉयलर बसवला, खोल्याखोल्यांतून लोखंडी पाइप फिरवले आणि बॉयलरमधलं गरम पाणी त्यांतून फिरत राहावं म्हणून नारळाएवढा विजेचा पंप लावला. साहेब गेला, पाइप राहिले. गिरगावातले आमचे नातेवाईक मुद्दाम ते बघायला यायचे आणि "उकाडा कमी पडतो का रे इथं?" असं विचारून जायचे.

पण सत्तावन्न सालच्या श्रावणात ललिता तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेराहून आली आणि त्या पाइपांचं सोनं झालं. बाहेर दोन दिवस लंगोट वाळत नव्हते. पाइपावर टाकला की अर्ध्या तासात पापड! जिना चढून शेजारणी बघायला येऊ लागल्या. नेमका तेव्हाच पंप घरघरला, दोनदा खोकला आणि कायमचा गप्प झाला.

नवा पंप शनिवारी शिवानं आणून दिला. शिवा गोदीतला फिटर, मूळचा मालवणकडचा आणि समितीचा कट्टर कार्यकर्ता. पंपाबरोबर त्यानं एक लांबलचक कापडी फलकही आणला होता. त्यावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं तांबड्या अक्षरांत रंगवलेलं, रंग अजून ओला.

"सायबानू, उद्या दुपारी मोर्चो आसा," तो म्हणाला. "तो झालो काय येवन पंप बसवतंय. तवसर हात लावू नकात. आणि हो फलक हंयच ऱ्हवांदे. माझी खोली गळता."

आम्ही फलक पडवीतल्या पाइपावर पसरून टाकला.

रविवारी सकाळी ललितानं जाहीर केलं, की कोरडे लंगोट दोनच उरलेत. मी पंपाच्या खोक्याकडे पाहिलं. ते अण्णांनी पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ललिताला पोचवायला आले होते, ते अजून होते. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस; राजकारणावर मत विचारलं तर आधी दार लावून घेणार. माझ्याबद्दलचं मत मात्र ते दार उघडं ठेवून सांगत.

"श्यामकांतराव, शिवाला येऊ द्या," ते म्हणाले. "माणसानं आपल्याला झेपेल तेच करावं. तुम्ही पेपर वाचा."

झालं! मी पेपर बाजूला ठेवला आणि पाना हातात घेतला.

पंपाच्या दोन्ही अंगांना पाइप आणि दोन्ही पाइपांवर एकेक चावी. उजवीकडची चावी मी फिरवून बंद केली. डावीकडची तशीच ठेवली. साहेब लोकांना सगळं जोडीनं लावायची हौस असते, तशी ही शोभेसाठी असेल, असा माझा समज. (मी विमा कंपनीत कारकून आहे. तिथं अशा समजांवर माझं बरं चाललंय.)

चार बोल्ट होते. तीन निघाले तोवर मी शीळ वाजवत होतो. चौथा निघाला आणि साहेबाच्या जमान्यापासून पाइपांत कोंडलेलं काळंकुट्ट पाणी भस्सकन माझ्या तोंडावर आलं. मी भोकाला तळहात लावला. पाणी बोटांतून पाच बाजूंना उडू लागलं.

"चावी!" मी ओरडलो. "अण्णा, चावी! दुसरी चावी!"

अण्णा धावत आले, पाहिलं आणि धावत परत गेले. क्षणात जुडगा खुळखुळवत हजर.

"ही ट्रंकेची, ही कपाटाची. कुठली देऊ?"

"फिरवा, अण्णा, फिरवा!"

"अहो, पण कशात फिरवू?"

ललिता बाळाला खांद्यावर घेऊन आली. माझ्याकडे तिनं नुसतं पाहिलं, एका हातानं डावीकडची चावी गरागरा फिरवली आणि पाणी थांबलं. बाळ हसलं. घरात तेवढं एकच हसलं.

मग माझं लक्ष फलकाकडे गेलं. काळ्या पाण्याचा लोट सुरुवातीच्या अक्षरांवरून वाहून गेला होता. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे स्वच्छ वाचता येत होतं. 'मुंबईसह'च्या जागी काळा डाग! ज्या एका शब्दासाठी सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं, तो मी घरबसल्या पुसून टाकला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांनी नाना उपाय केले, पण पंप लावून पाहायचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

शिवा बारा वाजता फलक न्यायला येणार होता. निदान पंप तरी चालू असावा, म्हणून मी घाईघाईनं नवा पंप बसवला, दोन्ही (दोन्ही!) चाव्या उघडल्या, बॉयलर पेटवला आणि बटण दाबलं. पंप गोड गुणगुणू लागला. पाइपांतून मात्र कोणी आतून दार ठोठावतंय असे आवाज येऊ लागले.

मी पाइपाला हात लावला. "गरम होतोय!"

अण्णांनीही लावला. "श्यामकांतराव, हा तुमचाच हात गरम आहे."

तेवढ्यात शिवा आला. त्यानं फलक पाहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग तो पंपापाशी उकिडवा बसला.

"सायबानू, हो बाण दिसता?"

पंपाच्या अंगावर बोटभर बाण होता.

"दिसतो. नक्षी आहे ना?"

"पाणी खंय जाता, तां सांगता तो. तुम्ही पंप उलटो लावलात. वर पाइपात हवा भरलेली, ती कोण काढतलो?"

त्यानं दोन्ही चाव्या बंद केल्या, पंप काढून फिरवून बसवला, मग खोल्याखोल्यांतून हिंडत पाइपांवरचे बारके स्क्रू सैल केले. प्रत्येक ठिकाणी फुस्स करून हवा सुटली. मी मागोमाग बादली धरून. वीस मिनिटांत पाइपाला हात लावल्यावर अण्णांनी तो चटकन मागे घेतला.

"आता फलकाचां काय?" शिवा म्हणाला. "दोन वाजता मोर्चो निघतलो. नवीन कापड हाडूक आज दुकान उघडां नाय."

अण्णा उठले, आत गेले, आणि ट्रंकेतून आपलं कोरं धोतर घेऊन आले.

"जावयाच्या पायी मुंबई गेली, असं मला ऐकून घ्यायचं नाही," ते म्हणाले. आणि दार सताड उघडं होतं!

शिवा रंग घेऊन आला आणि त्यानं धोतरावर अक्षरं काढली. ललितानं लंगोट बाजूला सारून पाइपावर जागा करून दिली. नवा पंप गुणगुणत होता, रंग वाळत होता, आणि मी फरशी पुसत होतो. पावणेदोनला धोतर दोन काठ्यांना बांधून बाहेर पडलं. त्याच्यामागोमाग अण्णाही.

"धोतर परत आणायचंय," ते जिन्यावरून म्हणाले.

संध्याकाळी आले ते चिंब भिजून. आवाज पार बसलेला. धोतराचं नावही काढलं नाही. गरम पाइपाला पाठ टेकून बसले आणि घोगऱ्या आवाजात बाळाला घोषणा शिकवू लागले. त्या एका संध्याकाळी सासरे मला आवडले. त्यांचंही तसंच असावं, असं मला उगीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघताना ललितानं आईला लिहिलेलं कार्ड पेटीत टाकायला दिलं. कार्ड उघडंच असतं. मी वाचलं नाही, दिसलं.

'ती. आईस सा. न. बाळ मजेत आहे. लंगोट छान वाळतात. अण्णांचा घसा बसलाय, पण अजून आठ दिवस राहतो म्हणतात. काल ह्यांनी स्वतः पंप बसवला. तरी आम्ही सर्व सुखरूप आहोत.'