काकांना बसवायचं कसं

शिंप्याच्या दुकानात समितीची गुप्त बैठक चालू होती, आणि गुप्त बैठकीत जेवढा आरडाओरडा व्हावा तेवढा होत होता.

समिती तिघांची. अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका; सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. चिटणीस म्हणजे खुद्द शिंपी. तिसरे सभासद गुरांचे डॉक्टर, आणि ते आले होते ते निव्वळ पँट कमरेला सैल करून घ्यायची होती म्हणून. खरं तर बैठक गावच्या सभागृहात व्हायची. पण सभागृहाची किल्ली पोस्टमनकाकांकडे, आणि बैठकीचा विषयच मुळी पोस्टमनकाका.

काका पोस्टातून कधीच निवृत्त झाले होते, पण पायांना ते कुणी कळवलं नसावं. एकतीस वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यांनी मांडल्या, माईक लावला, सगळे घरी गेल्यावर झाडून कुलूप लावलं. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचा अर्ज भरायचा, कुणाच्या विहिरीत बादली पडली, की काकांची मोपेड दारात. गुरांचे डॉक्टर फोन उचलत नाहीत म्हणून लोक डॉक्टर शोधायलाही काकांनाच फोन करत.

"सत्कार करायचा हे ठरलं," बाई म्हणाल्या. "पण त्यांना कळता कामा नये."

याला कारण होतं. यापूर्वी दोनदा काकांचा सत्कार जाहीर झाला होता. पहिल्या वेळी ऐन कार्यक्रमाच्या वेळेला काका एका आजाऱ्याला घेऊन दवाखान्यात गेले. दुसऱ्या वेळी आजारी कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी एका ठणठणीत माणसाला नेलं. तो बिचारा दोन दिवस तपासण्या करून घेऊन परत आला आणि अजून काकांच्या मोपेडवर बसायला कचरतो.

आणि या वेळी सत्काराची गोष्ट काकूंनी काढली होती. शिवलेलं झंपर न्यायला त्या दुकानात आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "एकतीस वर्षांत यांच्या शेजारी बसून मी एक कार्यक्रम पाहिला नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. हे माईकपाशी. मला हार नको, तुरे नको. नुसती पंधरा मिनिटं यांना माझ्या शेजारी बसवून दाखवा."

बोलताना त्या हसत होत्या, पण झंपर विसरून गेल्या. शिंप्याच्या ते मनाला लागलं. त्याने त्याच दिवशी काकांसाठी एक कोट बेतायला घेतला. माप कुठून घ्यायचं हा प्रश्न होता, तेव्हा काकूंनी एक जुना खाकी शर्ट गुपचूप आणून दिला.

कामाला सुरुवात झाली आणि समितीच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच येत नाही. खुर्च्या सात घरांतून येत, आणि कुणाच्या किती हे फक्त काकांना माहीत. माईक सुरू व्हायला त्याची वायर टेबलाच्या डाव्या पायाला अडीच वेढे द्यावी लागे, हेही काकांनाच. शिंपी पहिल्याच घरी खुर्च्या मागायला गेला, तर घरच्या बाईने विचारलं, "काकांना विचारलंत का?" दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत पहिल्या दोन घरांनी काकांना फोन करून झाला होता.

दुपारी काका दुकानाच्या दारात उभे. डोक्यावरची टोपी हातात.

"कार्यक्रम आहे म्हणे," ते म्हणाले.

शिंप्याने सुई बोटात टोचून घेतली.

"मला कुणी बोललं नाही, म्हणून विचारलं. नाही, तुमचं बरोबर आहे. वय झालं माझं. परवा एक खुर्ची हातातून सुटली, ते बघितलं असेल कुणीतरी." काका टोपी फिरवत राहिले. "किल्ली द्यायला आलोय. नव्या माणसाला सांगा, खालची कडी जरा वर उचलून फिरवायची."

त्यांनी किल्ली शिवणयंत्रावर ठेवली. शिंप्याला भडभडून आलं. एवढ्या चांगल्या माणसाला आपण रडवतोय की काय, या भीतीने त्याच्या तोंडून जे पहिलं निघालं ते निघालं. समोर डॉक्टर पँटची वाट बघत टेबलावर पाय हलवत बसले होते.

"अहो काका, तुम्हालाच सांगणार होतो. आपल्या डॉक्टरांचा सत्कार आहे."

डॉक्टरांचे पाय हलायचे थांबले.

काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "डॉक्टरांचा? अरे, मग आधी नाही का सांगायचं? कितीतरी दिवसांचं राहून गेलं होतं हे." त्यांनी किल्ली परत खिशात टाकली. "आता तुम्ही कुणी काही बघू नका. सगळं माझ्यावर सोडा."

आणि अशा रीतीने काका स्वतःच्या सत्काराच्या तयारीला लागले.

एरवी ते मन लावून काम करत. या वेळी तर त्यांनी कमरच कसली. घरोघर जाऊन ते सांगू लागले, की डॉक्टरांसाठी आलंच पाहिजे. लोकांना आधी आश्चर्य वाटलं, कारण डॉक्टरांची ख्याती अशी होती, की ते पोचेपर्यंत वासरू जन्मून, चालायला शिकून, त्यांना बघायला वेशीपर्यंत येई. पण काका म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं लोकांनी धरून घेतलं. रस्त्यात लोक डॉक्टरांना थांबून नमस्कार करू लागले.

चार दिवसांनी डॉक्टर शिंप्याकडे आले. "एक चांगला शर्ट शिवून टाका."

"डॉक्टर, सत्कार तुमचा नाहीये. आठवतंय ना?"

"आठवतंय हो. पण लोक माझ्याकडेच बघणार ना आधी? आणि एक छोटंसं भाषण तयार ठेवलंय. असू द्यावं जवळ."

बाईंनी मानपत्र लिहिलं होतं. गुप्तता म्हणून त्यात नाव घातलं नव्हतं. ते सुवाच्य अक्षरात लिहून काढायला काकांनी मागून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी जरा अवघडूनच परत घेऊन आले.

"बाई, लहान तोंडी मोठा घास घेतोय. पण यात फार चढवून लिहिलंय तुम्ही."

"चढवून?"

"डॉक्टरांना इथे अकरा वर्षं झाली, तुम्ही एकतीस लिहिलंत. ते मी बदललं. 'हाकेसरशी धावून जातात' असं होतं, तिथे 'हाक ऐकल्यावर सवडीने येतात' असं केलं. 'कधीच कुणाला नाही म्हटलं नाही', त्यात 'सहसा' घातलं. 'ज्यांच्यावाचून पंचक्रोशीचं पान हलत नाही', हे तर..." काकांनी मान हलवली. "त्याच्याऐवजी 'जे असल्यास बरं पडतं.' खरं सांगू का बाई? एवढं सगळं एक माणूस कधी करतो का? लोक हसतील."

बाईंनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. आपल्या निबंधावर लाल शाई पडलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी तो कागद घेतला आणि आपल्याकडे राहिलेला मूळचा मसुदा पर्समध्ये घडी करून ठेवून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर नव्या शर्टात व्यासपीठावर. शिंपी मांडीवर कोटाचं पुडकं घेऊन. पहिल्या रांगेत काकू, आणि शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवलेली. काका मागे माईकच्या टेबलापाशी. त्यांनी आल्या आल्या डॉक्टरांचा फोन मागून घेतला होता. "आज तुमचा दिवस. आज कुणी त्रास देता कामा नये." डॉक्टर खरोखरच संकोचले.

बाई उभ्या राहिल्या. "लोकहो, आज तुम्ही सगळे डॉक्टरांसाठी आलात. पण आम्ही तुमच्याशी एक लबाडी केली आहे. आज सत्कार आहे तो आपल्या पोस्टमनकाकांचा."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. लोक उभे राहिले, मागे वळून बघू लागले. डॉक्टर सवयीने अर्धे उठले होते, ते परत बसले. काकूंनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

टाळ्या हळूहळू विरल्या. काका आले नाहीत. माईकपाशी कुणी नव्हतंच. एक चिठ्ठी तेवढी होती, पोस्टातल्या त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. शिंप्याने ती मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता खालीच बसला.

'बाई, डॉक्टरांच्या फोनवर फोन होता. मळ्यातल्या आजींची गाय अडली आहे. डॉक्टरांना सांगू नये, त्यांचा सत्कार निवांत होऊ द्यावा. मी जाऊन बघतो. माईक बंद पडल्यास अडीच वेढे.'

"काका काय बघणार?" डॉक्टर ओरडले. "जन्मभर पाकिटं वाटली त्यांनी. गाय जाईल हातची."

आणि मग गावाने जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. डॉक्टर पळाले. व्यासपीठावरून उडी मारून, खुर्च्यांमधून वाट काढत, नवा शर्ट दाराच्या कडीत अडकवून तो तसाच फाडत ते जीपपर्यंत पोचले. मागोमाग काकू निघाल्या. काकू निघाल्या म्हणून बाई, आणि बाई निघाल्या म्हणून कोटाच्या पुडक्यासकट शिंपी. जाता जाता बाईंनी लोकांना बजावलं, "कुणी उठायचं नाही. आलोच आम्ही." बाईंच्या हाताखाली शिकलेलं गाव ते, कुणी उठलं नाही.

मळ्यातल्या गोठ्यात गाय आडवी झाली होती, आणि काका जमिनीवर मांडी घालून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गाईला ते समजावत होते, "जरा दम धर बाई. आज त्यांचा सत्कार आहे. एरवी आले असते." शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. गोठ्याच्या दारात आजी देवाचं नाव घेत उभ्या होत्या.

डॉक्टरांना बघून काकांचा चेहरा पडला. "डॉक्टर, तुम्ही कशाला आलात? तिकडे लोक—"

"हलू नका," डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाले. त्यांनी तपासलं. "वासराचा पुढचा पाय मागे मुडपलाय. सरळ करून घेतो. पंधरा मिनिटं लागतील. काका, तुम्ही आहात तिथेच बसा. तिचं डोकं सोडलंत तर ती उठेल, आणि उठली तर माझं काही खरं नाही."

पंधरा मिनिटं. बसा. शिंप्याने बाईंकडे बघितलं, बाईंनी काकूंकडे. काकूंनी कोपऱ्यातली बादली उपडी घातली, काकांच्या शेजारी सरकवली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

बाईंनी पर्समधून मूळचा मसुदा काढला आणि घसा साफ केला. "एकतीस वर्षं..."

"अकरा," काका म्हणाले. "ते मी बदललं होतं ना."

"एकतीस वर्षं जे हाकेसरशी धावून जातात—"

"बाई, हेही खोडलं होतं. आणि डॉक्टर कामात आहेत, त्यांना नीट ऐकू तरी येतंय का?"

"हे डॉक्टरांचं नाही, काका. तुमचं आहे. पहिल्यापासून तुमचंच होतं."

काकांनी बाईंकडे बघितलं, शिंप्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. दार जवळच होतं. पण गाईचं डोकं मांडीवर होतं.

"मग तर नक्कीच खोडा," ते पुटपुटले.

"गप्प बसून ऐका," काकू म्हणाल्या.

बाईंनी सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही. वासराचा पाय सापडेपर्यंत एकदा वाचून झालं, म्हणून त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. 'ज्यांच्यावाचून पंचक्रोशीचं पान हलत नाही' या ओळीपाशी काकांचे डोळे भरून आले. हात गाईला धरण्यात गुंतलेले, तेव्हा काकूंनीच रुमालाने त्यांचे डोळे पुसले. आपले पुसायचे त्या विसरल्या. शिंपी कोपऱ्यात सरळ हुंदके देत होता.

तेराव्या मिनिटाला वासरू बाहेर आलं. काका लगेच उठू लागले.

"अजून दोन मिनिटं आहेत," काकू म्हणाल्या, आणि काका खाली बसले.

वासरू कुडकुडत होतं. शिंप्याने भावनेच्या भरात पुडकं सोडून कोट काकांच्या खांद्यावर घातला. काकांनी तो तसाच काढून वासराला गुंडाळला. शिंप्याच्या काळजात चर्र झालं. खांद्यात मात्र तो वासराला अगदी बरोबर बसला.

आजींनी डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फाटका शर्ट, कोपरापर्यंत माखलेले हात. "डॉक्टर वेळेवर आले," त्या म्हणाल्या. "माझ्या एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा. यांचा कुणीतरी सत्कार करा."

"मी काय म्हणत होतो?" काका म्हणाले. "लोक बसलेलेच आहेत. खुर्च्याही मांडलेल्या आहेत."

लोक खरोखरच बसले होते. बाईंनी डॉक्टरांना तसंच व्यासपीठावर नेलं आणि काकांनी दुरुस्त केलेलं मानपत्र वाचायला घेतलं. अकरा वर्षं. हाक ऐकल्यावर सवडीने येतात. असल्यास बरं पडतं. शब्द न् शब्द डॉक्टरांना लागू पडत होता, आणि डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही.

काका या वेळी पहिल्या रांगेत होते. गोठ्याचा वास येत होता, पण काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर, अगदी टेकून. तेवढ्यात खर्र झालं आणि माईक बंद पडला. बाईंचे ओठ हलत राहिले. सगळं सभागृह वळून काकांकडे बघू लागलं. काका हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ते समोर बघत राहिले, आणि त्यांचा उजवा पाय तेवढा आपोआप थरथरत होता.

काकूंनी त्या पायाकडे बघितलं. मग मागे माईकच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं.

"जा," त्या म्हणाल्या. "माझी पंधरा मिनिटं झाली."

काका उठले आणि जवळजवळ पळतच गेले. काकूंनी पर्स उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि माईक सुरू व्हायची वाट बघत बसल्या.