परतीचे चिंचोके

हवालदार मोहिते माझ्याशी पहिल्यांदा भांडले ते एका तोफेवरून. तोफ होती त्यांच्या अंतराळयानावर, आणि यान होतं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

कराडात माझं इंजिन-पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, शेजारी त्यांची खोली. पलटणीतून निवृत्त झालेला एकटा माणूस. सकाळी कडक इस्त्रीची खाकी चढवायचे आणि जुन्या पत्रिका कापून यानं करत बसायचे. माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हापासूनचं हे वेड. प्रत्येक यानाला शंभर गुण. ते इंजिन, चिलखत, तोफ आणि इंधन यांत वाटायचे. तोफ वाढवली की चिलखत पातळ, चिलखत वाढवलं की यान म्हशीसारखं सुस्त. इंधन म्हणजे चिंचोके. यान पटावर एक घर सरकलं की एक चिंचोका डबीत जायचा.

मी हातगाडीवर नटबोल्ट विकत वर आलेला माणूस. ठरलेला आकडा मला सोसत नाही.

"हवालदार, तोफेला पाच वाढवून द्या."

"शंभरात बसवा."

"बरं, तीन."

"शंभरात बसवा, गड्या. हितं घासाघीस न्हाई."

खेळाआधी ते माझ्या यानांची हजेरी घ्यायचे. भर दुकानात प्रत्येक यानाच्या वतीनं मला "हजर!" म्हणावं लागे. गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसत.

एकदा विचारलं, "लढाई अंतराळातच कशाला? जमीन अपुरी पडली काय?"

"तिथं घाट न्हाईत," ते म्हणाले. मीही हसलो होतो.

माझं दुखणं निराळं होतं. त्यांची सगळी यानं उडवून मी मांडी थोपटली, की हवालदार शांतपणे विचारायचे, "परतीचे चिंचोके?" यान तळावर परत आलं नाही तर जिंकलेली लढाईसुद्धा हरलेली, असा त्यांचा नियम. पाच वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा मी, चिंचोक्यांपायी हरत होतो.

पण खेळ झकास होता, हे कबूल करायला हवं. म्हणून हवालदारांना घेऊन सांगलीत सापशिडीचे पट छापणारा एक छापखानेवाला गाठला. अर्धा दिवस घसा कोरडा करून त्याला पटवला. खोक्यावर हवालदारांचं नाव टाकायचंही कबूल करून घेतलं. त्याचं म्हणणं एवढंच, "परतीचा नियम काढा. पोरांना लढायचं असतं. घरी कुणाला जायचंय?"

हवालदारांनी यानं गोळा केली, पिशवीत भरली आणि सरळ एसटी स्टँडची वाट धरली.

गाडीत माझा स्फोट झाला. "आवं, नाव छापलं असतं तुमचं! एक नियम सोडायला काय जात हुतं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. संतापून मी पिशवी ओढली. तळाशी दोऱ्यानं बांधलेली सात यानं निघाली. ती मी कधीच पाहिली नव्हती. त्यांच्यावर नावं होती. किसन, दगडू, हणमंत...

"ही कोण?"

"ड्रायव्हर." इस्लामपूर आल्यावर ते पुढचं बोलले. "पेट्रोल डेपोवर हुतो मी. हुकूम आला, सात ट्रक वर घाटात पाठवा, जाण्यापुरतंच भरा. परतीचं वर मिळंल म्हनले. मीच मापून भरलं. थेंब जादा दिला न्हाई."

"मग?"

"वर काय बी नव्हतं. बर्फ हुता."

मी यानं उलटून पाहिली. तोफ शून्य. चिलखत शून्य. इंजिन शून्य. इंधन शंभर. सातही तशीच.

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हवालदार, इंजिनाला एक तरी द्या. न्हाईतर ही जायची कशी?"

त्यांनी यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि दोरा पुन्हा घट्ट बांधला.

"जायचीच न्हाईत ती."